म्हैसूरच्या भैरवाची सुरुवात

नरकचतुर्दशीला आमच्या घरात डोक्यावर पहिलं तेल पडायचं ते बुवांच्या षड्जाबरोबर. अप्पा, म्हणजे माझे वडील, पाच वाजता उठून टेप लावत. आधी नुसती खरखर, मग एकदम बुवांचा 'सा'. तो कानावर पडला की आम्ही पाटावर बसायचं, असा नियमच होता. त्या 'सा'च्या आधी काही असेल, असं मला एवढ्या आयुष्यात कधी वाटलं नाही.

ते गाणं अप्पांनी आमच्याच पुढच्या खोलीत, माझा जन्म व्हायच्या आधी, स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर घेतलं होतं. बुवा तेव्हा म्हैसुरातच राहत आणि त्यांचं नाव अजून व्हायचं होतं. पुढे ते मुंबईला गेले, फार मोठे झाले, आणि आमच्या खोलीतलं ते गाणं 'म्हैसूरचा भैरव' म्हणून जाणकारांत फिरू लागलं. अप्पांनी त्याच्या कॅसेटी करून इथल्या जुन्या मराठी घरांना वाटल्या. ही घरं म्हणजे तीनचार पिढ्या इथे मुरलेली माणसं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण निघालं की दोन्ही. त्यांच्या मुलांना आता मराठी वाचता येत नाही, पण भैरवातली बुवांची प्रत्येक जागा तोंडपाठ असते.

मुंबईला जाताना बुवांनी तंबोरा नेला, बायको आणि मुलगी नेली नाही. तिथे त्यांनी दुसरं घर केलं. इथे त्यांची बायको दोन खोल्यांत राहून अगरबत्त्या वळत असे. मी तिला लहानपणी पाहिलंय. बोटं कोळशाच्या लगद्यानं कायमची काळी झालेली, आणि कुंकू मात्र मोठं. बुवा नंतर दोनदा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला म्हैसुरात आले आणि दोन्ही वेळा आमच्याकडे उतरले. त्यांची बायको दहा मिनिटांच्या अंतरावर होती. कार्यक्रमाचं बोलावणं त्या गल्लीत गेलं नाही. मंडळाचे चिटणीस तेव्हा अप्पाच होते.

हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही जुने लोक अशा वेळी 'त्यांच्या घरचं ते' एवढंच म्हणतो आणि कॉफी पुढे करतो. याला आम्ही सभ्यपणा समजतो.

बुवांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती तेव्हा ही कॉफी सांडली. मंडळात आता निम्म्याहून जास्त माणसं नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली आहेत. शुद्ध मराठी, भरपूर उत्साह, आणि दर कामाचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यातल्या एका मुलीनं कुठेतरी बुवांबद्दल वाचलं आणि ग्रुपवर लिहिलं की ज्यानं बायको-मुलीला वाऱ्यावर सोडलं त्याची शताब्दी आपण का करायची. मग काय, आठवडाभर शिमगा. कुणी म्हणे गाणं वेगळं, माणूस वेगळा. कुणी म्हणे मोठ्या माणसांचे दोष काढायची हल्ली फॅशनच झालीय. कुणी तर जगातल्या चित्रकार-लेखकांची यादीच टाकली, कोण किती वाईट वागला त्याची. मी सगळं वाचत होते आणि चिडत होते. दोन्ही बाजूंना आपली मतं किती आवडतात, हे बघून चिडत होते. बुवांची मुलगी तीन गल्ल्या पलीकडे राहते, हे त्या ग्रुपवर एकाच्याही तोंडून निघालं नाही. नव्यांना माहीत नव्हतं. जुने गप्प होते, आणि मीही जुन्यांतच होते.

शेवटी हल्लीच्या चिटणिसांना ते कळलं, आणि त्यांना तोडगाच सापडला. भला मुलगा आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला काकू म्हणतो. त्यानं पत्रिकेत छापून टाकलं, 'दीपप्रज्वलन : बुवांच्या कन्येच्या हस्ते.' छापण्याआधी पत्रिका शुद्धलेखनाला माझ्याकडे आली होती. मी दोन वेलांट्या सुधारल्या आणि ती ओळ तशीच जाऊ दिली. आपलं लक्ष नव्हतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे होतं. मला बरंच वाटलं होतं, की एवढ्या वर्षांनी हे परस्पर गोड होऊन जाईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

मग बोलावणं करायलाही मलाच पाठवलं. इथे नुसती पत्रिका देऊन चालत नाही, घरी जाऊन हळदकुंकू लावून या म्हणावं लागतं. मी अक्कांकडे गेले. बुवांच्या मुलीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. सत्तरी उलटलीय, आयुष्यभर कन्नड शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही. त्या जमिनीवर बसून भिजवलेल्या पावट्यांची सालं काढत होत्या. दाणा चिमटीत दाबायचा, साल हातात, दाणा पातेल्यात. पत्रिका वाचून त्यांनी ती उपडी ठेवली.

"दिवा मी लावायचा?"

"हो."

"आणि फोटोला हार?"

"तो अध्यक्ष घालतील."

"नोडु, बघ," अक्का म्हणाल्या, "मला हे बेडा, नको. आई त्यांच्या नावाचं कुंकू लावायची ते तिचं तिच्याबरोबर गेलं. मी कशाला दिवा लावू? त्यांनी आमच्यासाठी काय लावलं?"

पत्रिकेवर त्यांचं नाव नसलं तरी 'कन्या' होतीच, आणि ती माझ्या हातून गेली होती. तसं मी सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, म्हणून मला जास्तच लाजल्यासारखं झालं. चारपाच दाणे सोलून झाल्यावर त्यांनीच विचारलं, "तुझ्या अप्पांचं ते टेप आहे काय अजून? कॅसेट नव्हे. ते चाकाचं."

"असेल ट्रंकेत. का?"

"मी त्या दिवशी तुमच्या खोलीत होते. नऊ वर्षांची. आई मागे तंबोऱ्यावर बसलेली. ती आधी किती तरी वेळ एकटीच वाजवत होती. कॅसेटमध्ये ते नाहीच. सरळ त्यांचा सा."

"पण तंबोरा पुढेही असेलच ना गाण्यात."

"पुढे ते आड येतात," अक्का म्हणाल्या. "आईचा फोटो एकच आहे, रेशनकार्डावरचा. आवाज कुठेच नाही. मला ती एकटी पाहिजे. एक मिनिट असली तरी पुरे. अष्टे."

एवढंच त्यांचं मागणं होतं. शताब्दी करा, करू नका, त्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

ट्रंकेत स्पूल सापडला. पुठ्ठ्याच्या डबीवर अप्पांचं सुवाच्य अक्षर होतं. राग, ठिकाण, श्रोत्यांची नावं. तंबोऱ्याच्या रकान्यात काही नव्हतं. आणि खाली लाल शाईत, 'प्रत करताना सुरुवात वगळावी.' अप्पांना लाल शाई फार आवडे. ऑफिसात ते फायलींवर असेच शेरे मारत असणार. मी म्हटलं, टेप वाचवायला लिहिलं असेल.

लष्कर मोहल्ल्यात एक वयस्कर भाई जुने रेडिओ-रेकॉर्डर दुरुस्त करतात. त्यांनी डबी उघडून वास घेतला आणि म्हणाले, "अम्मा, टूटी तो मेरेकू नको बोलना." टेप आतून चिकटली होती. दोन दिवस त्यांनी ती हातानं हळूहळू सोडवून परत गुंडाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांना रिक्षानं घेऊन गेले. दुकानात बसायला एकच स्टूल होतं, ते अक्कांना दिलं. भाईंनी चाकं फिरवली.

आधी भांड्यांचा आवाज, मग कुणीतरी खोकलं, आणि मग तंबोरा. मला वाटलं होतं जुन्या टेपमध्ये काहीतरी घरघरेल. पण तो भरून आला. चार तारा, एकामागून एक, कुठेही घाई नाही. अक्का डोळे न मिटता समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होत्या. मिनिटभर तसंच गेलं. मग बुवा बोलले, आणि त्यांचा बोलतानाचा आवाजही किती छान होता.

"अगं, कान दिलेत की नुसती कुड्या अडकवायला भोकं?"

खोली हसली. टेपवरची खोली. आणि हे मला लिहिलंच पाहिजे की दुकानात मीही हसले. वाक्यच तसं नेमकं होतं. हसून मी अक्कांकडे पाहिलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. टेपवर मात्र एक माणूस अजून हसत होता, अगदी माइकजवळ, शेवटी हुं हुं करत. ते हसू मी कुठेही ओळखलं असतं. तसंच हसत अप्पा मला तेल लावताना गुदगुल्या करत.

त्या हसण्याखाली तंबोरा थांबला होता. मग एक बाईचा आवाज आला, हळू, सरळ. "लागला आता." पुन्हा तंबोरा. बुवा म्हणाले, "हं, असा." आणि त्यांचा तो 'सा'.

अक्कांनी हात वर केला. भाईंनी थांबवलं. "परत," त्या म्हणाल्या. भाईंनी परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्या स्टुलावरून पुढे वाकल्या आणि एकदम हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"ऐकलंस काय? खुंटीचा आवाज नाही. तारेचा मणी सरकल्याचा नाही. तिनं काही लावलंच नाही. सुम्मने, नुसती थांबली. तंबोरा आधीपासून सुरात लागलेला होता."

भाईंनी पुन्हा लावून आधीचा आणि नंतरचा तुकडा कान देऊन ऐकला आणि मान डोलावली. दोन्ही एकच होते. त्या बाईनं चारचौघांतला अपमान ऐकून घेतला, हसणं ओसरेपर्यंत हात उचलून धरला, आणि न बदललेला तंबोरा बदललाय म्हणून बुवांना ऐकवला. आणि एवढ्या तयार कानाचे बुवा 'हं, असा' म्हणाले.

"हे पाहिजे मला," अक्का म्हणाल्या. "हे वाजव तिथे. मग मी येते. दिवा नाही, पण येते."

मी हो म्हटलं. परतताना रिक्षात त्या गुणगुणत होत्या आणि मी लाल शाईचा विचार करत होते. अप्पांनी टेप वाचवली नव्हती. त्यांनी बुवांना वाचवलं होतं, आणि थोडं स्वतःलाही.

बुवांना नावं ठेवणं मला आयुष्यभर सोपं गेलं. ते माझे कुणी नव्हते. गाणं ऐकायचं, वर 'माणूस म्हणून वाईट हो' असं म्हणायचं, म्हणजे दोन्हीकडून आपण बरे. अप्पांचं तसं होईना. ज्यांनी मला अक्षर गिरवायला शिकवलं, सायकलच्या मागे येलवालपर्यंत बसवून नेलं, माझ्या आईवर कधी आवाज चढवला नाही, ते अप्पा त्या बाईवर हसले होते. मग त्यांनी ती सुरुवात कापली, आणि तिला बोलावणं धाडलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तेवढीच त्यांची आठवणही आली. शेवटचा महिनाभर ते अंथरुणावर भैरवच ऐकत होते. मी उशाशी कॅसेट बदलत असे, तेव्हा विचारता आलं असतं.

मग मी जे केलं ते काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही. मी चिटणिसांकडे गेले आणि विचारलं, की हे मधलं हसणं काढता येईल का रे. त्याला आनंदच झाला. "काकू, मी तेच म्हणणार होतो. ते बोलणंही काढू. लोक आधीच पेटलेत." रविवारी त्यानं लॅपटॉपवर तासभर खटपट केली. बुवांचं वाक्य सहज निघालं. हसणं निघेना. ते त्या थांबण्यावरच पसरलं होतं. हसणं कापलं की तिचं थांबणंही जात होतं, आणि मग 'लागला आता' म्हणजे नुसती एक बाई काहीतरी बोलते, एवढंच उरत होतं.

मी अक्कांना जाऊन हे सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बहुधा त्या 'होगली, जाऊ दे' म्हणतील अशी आशा होती. इथली माणसं तसं म्हणतात.

"तुझ्या अप्पांचं हसणं तुला जड होतंय, अल्वा?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मी ते कायम ऐकतेय. टेप नव्हतं तरी." आणि उठून त्यांनी मला कॉफी आणून दिली. मी ती प्याले. मग चिटणिसांना फोन करून सांगितलं की अखंड वाजवायचं आहे, आणि आधी चार शब्द मी बोलणार आहे.

कार्यक्रमाला गर्दी चांगली होती. बुवांच्या फोटोला अध्यक्षांनी हार घातला, आणि दिवा लावला तो ग्रुपवर पहिल्यांदा लिहिणाऱ्या त्या मुलीनंच. तिला कुणी कसं पटवलं ते मला माहीत नाही. अक्का मोरपंखी साडी नेसून दुसऱ्या रांगेत कडेला बसल्या होत्या, मांडीवर पर्स, शाळेच्या तपासणीला आल्यासारख्या. मी माइकपाशी गेले. घरून मोठं लिहून आणलं होतं, कला आणि माणूस वगैरे. ते घडी करून ठेवलं आणि म्हटलं, "आजवर आपण हे गाणं मधूनच ऐकत आलो. आज सुरुवातीपासून लावतोय. तंबोऱ्यावर बुवांच्या पत्नी आहेत. हसणारा जो आवाज सगळ्यांत जवळून येईल, तो माझ्या वडिलांचा आहे. ही सुरुवात त्यांनीच कापली होती." मी खाली येऊन अक्कांशेजारी बसले.

तंबोरा सुरू झाला. लोकांना वाटलं अजून सुरू व्हायचंय. खुर्च्या सरकल्या, कुणी फोन बंद करू लागलं, पाठीमागे एक बाई दुसरीला जागा करून देत होती. एक मिनिट ती एकटी वाजवत होती आणि सभागृह बस्तान मांडत होतं. मला सगळ्यांना ओरडून गप्प करावंसं वाटलं. अक्कांचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

मग बुवांचं वाक्य आलं. सभागृहात पाचसहा जण हसले. मी सांगितलेलं असूनही हसले, आणि लगेच गप्प झाले. मग अप्पा हसले. एवढ्या मोठ्या स्पीकरवर ते मला फार एकटे वाटले. त्या हसण्याखाली तंबोरा थांबला होता, आणि आता सगळेच थांबले होते. अक्कांचे ओठ हलले. टेपवरच्या बाईबरोबर, आवाज न काढता, त्या म्हणाल्या, "लागला आता."

"हं, असा," बुवा म्हणाले, आणि 'सा' लागला. सभागृहभर माना खाली गेल्या, डोळे मिटले. वर्षानुवर्षांची सवय होती ती. माझेही मिटले. उघडले तेव्हा अक्का पर्स घेऊन उभ्या होत्या.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. बाहेर ऊन उतरलं होतं. आतून बुवांचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता, कोमल ऋषभावर आंदोलनं घेत. रिक्षा थांबली. अक्का आत बसल्या आणि साडी गुडघ्यापाशी आवरत म्हणाल्या, "तू जा आत. गाणं सोडू नकोस माझ्यासाठी. फक्त तंबोरा ऐक हं. ती शेवटपर्यंत आहे. मला नाही जमत, तुला जमेल."

मी परत जाऊन शेवटच्या रांगेत बसले. भैरव मला पाठ आहे, पुढची प्रत्येक जागा कुठे येणार ते माहीत आहे. मी ते सगळं सोडून देऊन खाली, मागे, चार तारा शोधू लागले. एक सापडली, मग दुसरी. ती घाई न करता वाजवत होती. बुवा फार सुंदर गात होते, आणि सारखे आड येत होते.